पुसट मावशी

आमचे डॉक्टर म्हशीशी गोरमाटीत बोलायचे, म्हशीच्या मालकाशी मराठीत, जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांशी हैदराबादी उर्दूत आणि कॉम्प्युटरशी हिंदीत. गोरमाटी ही त्यांची बंजारा तांड्यातली, आईची बोली. म्हशीला तीच कळते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. पण कॉम्प्युटरशी हिंदी का, असं मी एकदा विचारलं.

"तो नांदेडहून आलाय मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले. "शहरातल्याला आपली बोली कशी कळंल?"

सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा ते तिथले मोठे डॉक्टर होते. मी कोल्हापूरकडची, नुकतीच पदवी घेऊन आलेली. बाई माणूस जनावरांची डॉक्टर असते हे तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. रुजू झाले त्याच आठवड्यात एक शेतकरी बैल घेऊन आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टर न्हाईत का?"

सर आतून हात पुसत आले. "हायेत की. ह्या काय समोर उभ्या हायेत. मी त्यांचा कंपाउंडर." आणि बैलाचं दावं धरून खरोखर बाजूला उभे राहिले. तो शेतकरी सरांना वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याला हसू आवरेना. पण बैल मीच तपासला, आणि त्यानंतर सेनगावात मला कुणी तो प्रश्न विचारला नाही.

उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे; गळ्यात सदैव स्टेथोस्कोप. तो बाजारातही असायचा. आठवडी बाजारात ते कलिंगडाला स्टेथोस्कोप लावून टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. बाजूला गर्दी जमायची. "पिकलंय, पण मनातून न्हाई," असलं काहीतरी निदान करून ते दुसरं उचलायचे. हातपंप, शिलाई मशीन, जीपचं इंजिन, सगळ्यांच्या छातीला तो लागून आलेला होता.

त्यांचा एकच नियम होता: आधी बघायचं, मग हात लावायचा, मग तोंड उघडायचं. एकदा एका गावात जोडीतला एक बैल पाणी पिईना. मालकाने घसा, दात, पोट, सगळ्यांवर संशय घेतला होता. मी इंजेक्शन भरायला घेतलं. सर मात्र बैलाकडे न जाता पाण्याच्या टाकीकडे गेले, वाकून वास घेतला, आणि हसत परतले. टाकी नवी आणलेली होती आणि तिच्यात पूर्वी रॉकेल होतं. "बैल शहाणा हाय," ते मालकाला म्हणाले. "तकलीफ त्याच्यात न्हाई. त्याच्यापर्यंत जे येतंय त्याच्यात हाय."

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर घेतला. नांदेडच्या दुकानदाराने सुटे भाग जोडून दिले आणि वर म्हणाला, विंडोज टाकून देतो, कॉपी आहे, तुम्हाला फुकट. सरांनी हात जोडले. "चोरीचं जनावर आमच्या दावणीला नको. त्याची ओढ मालकाकडं असती." मग एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी त्यांनी स्वतःच घालून बघितली. ती रीतसर फुकट होती. जगभरातल्या माणसांनी आपापल्या वेळात हे बनवलं आणि कुणीही घ्या म्हणून ठेवलं, हे कळल्यावर त्यांना भरून आलं. "लंगर हाय मॅडम, लंगर. बसा आणि जेवा." पुढे वेतन आयोगाचा फरक हाती आला तेव्हा त्यांनी मोठा चपटा टीव्ही घेतला, कॉम्प्युटर त्याला जोडला आणि तांड्यातल्या घराच्या ओसरीत घरगुती थिएटर उभं केलं. दोन स्पीकर, एक ताडपत्री, समोर सतरंज्या. हे सगळं आईसाठी होतं.

आईला तिथे याडी म्हणतात. अख्खा तांडाच तिला याडी म्हणायचा, मग मीही म्हणू लागले. कंबर मोडल्यापासून ती बाजेवरच असायची. कानाने अगदी कमी ऐकू यायचं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं लख्ख दिसायचं. बाजेवर बसून ती पलीकडच्या शेतात कुणाची शेळी घुसली हे नावानिशी सांगायची. तिची एकुलती एक धाकटी बहीण पैनगंगेच्या पार, आदिलाबादकडच्या एका तांड्यात राहायची. दोघींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. हिला हलता येत नव्हतं, तिला दम्याने प्रवास झेपत नव्हता. फोनवर याडीला ऐकूच यायचं नाही.

म्हणून सर रजा काढून मावशीकडे गेले. छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन तिच्यासमोर बसले, तिला बोलतं केलं, आणि ते चित्रण घेऊन परतले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्या पडद्यात मावशीचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. याडीला जवळचं दिसत नसे, त्यामुळे ते दाखवण्यात अर्थ नव्हता. मोठा टीव्ही होताच. सगळं घर ओसरीत जमलं. मीही होते. सर कॉम्प्युटरला म्हणाले, "चल बेटा, शुरू हो जा," आणि पडदा उजळला.

पडद्यावर एक बाई होती, एवढंच सांगता येत होतं. पाण्यात पडलेल्या सावलीसारखी. चेहरा आडवा पसरलेला, कडा विरघळलेल्या, डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग. कपाळ वर पडद्याबाहेर गेलेलं.

याडीने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ही कोण?"

"मावशी," सर तिच्या कानाशी ओरडले.

"न्हाई." माझ्याकडे वळून ती मराठीत म्हणाली, म्हणजे मलाही कळावं. "ही माझी बहीण न्हाई, लेकी. हा मला फसवून राहिला. माझा भाऊ गेला तवाबी यानं मला चार महिने सांगितलं नव्हतं. गोड बोलत व्हता. आता बहीण गेली, आन् कुणाला तरी तिचे कपडे घालून बसवलं."

सरांचा चेहरा बघवेना. भावाची बातमी तिच्या ऑपरेशनमुळे लपवली होती, सगळ्यांच्या संमतीने. पण ते खोटं आता असं उभं राहिलं होतं, आणि शपथा घेऊन ते हटणारं नव्हतं. याडीने दुसऱ्या दिवशी तांड्याच्या नायकाला बोलावलं, म्हणजे तिथल्या प्रमुखाला, आणि निरोप धाडायला सांगितलं: येत्या रविवारी माझ्या बहिणीचे दिवस घालायचे आहेत. ज्यांना रडायचं त्यांनी यावं.

सोमवारी सर दवाखान्यात आले ते खुर्चीवर न बसता टेबलाच्या कडेवर टेकले. "मॅडम, मावशी ठणठणीत हाय. तिनं मला हातानं भाकर करून वाढली. आन् हिकडं तिचं तेरावं. रविवारच्या आत तिचं तोंड साफ दिसलं पाहिजे. तुमी हॉस्टेलला कॉम्प्युटर शिकल्या ना?"

मी शिकले होते ते टायपिंगपुरतं. पण नाही म्हणवेना.

दुपारी जनावरं संपली की आम्ही तांड्यावर जायचो. मी गेल्या गेल्या सेटिंगमध्ये बोटं घालायला निघाले, तर सरांनी हात धरला. "आधी बघायचं." मग आम्ही एकेक गोष्ट वगळत गेलो. चित्रणच वाईट आलंय का? कॅमेऱ्याच्या पडद्यावर मावशी लहान होती, पण रेखीव होती. टीव्ही बिघडलाय का? त्याला डिशची तार जोडली, बातम्या देणारी बाई चांगली दिसली. मग कॉम्प्युटर? तो जीपमध्ये घालून दवाखान्यात आणला आणि ऑफिसच्या जुन्या मॉनिटरला जोडला. अक्षर न् अक्षर स्वच्छ. सर एकदम खूश झाले.

"म्हणजे दोन्ही बैल धडधाकट. एका जुवाला जुंपले की लंगडतात. तकलीफ जुवात हाय."

जू म्हणजे केबल, असं समजून मी हिंगोलीहून नवी, जाड केबल आणली. तिळभर फरक पडला नाही. तिथल्याच नेट कॅफेत बसून मी लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका चर्चेच्या पानावर आमचं दुखणं लिहिलं. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसाने उत्तर दिलं. उपाय सांगितलाच नाही. उलट विचारलं, टीव्हीचे ठिपके किती आणि कॉम्प्युटर पाठवतोय किती? मी वैतागले. सर मात्र मी छापून आणलेलं ते उत्तर वाचून डोलायला लागले. "बघा! पेशंट न बघता इंजेक्शन दिलं न्हाई. डॉक्टर व्हायला पायजे व्हता हा माणूस."

आणि प्रश्न बरोबरच होता. अशा टीव्हीच्या पडद्यावर ठिपक्यांच्या ठरलेल्या रांगा असतात. कॉम्प्युटरने नेमके तेवढेच ठिपके पाठवले तर प्रत्येक ठिपका आपल्या घरात बसतो. कमी पाठवले तर टीव्ही ते ओढूनताणून सगळीकडे पुरवतो, आणि चित्र पुसट होतं. सरांनी रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: १०२४ बाय ७६८. कॉम्प्युटरला हा टीव्ही कोण, केवढा, हे कळतच नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना चालणारं जुनं माप पाठवत होता.

"हे झालं वाढलेलं जेवण," सर म्हणाले. "पोट केवढं?"

पोटाचा आकार टीव्हीच्या खोक्यावर छापलेला असणार. खोकं गोठ्याच्या कोपऱ्यात होतं आणि त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. जिल्ह्यातले नावाजलेले पशुवैद्य आणि त्यांची कनिष्ठ सहकारी, दोघांनाही त्या कोंबडीने चोची मारमारून रक्तबंबाळ केलं. सर तिला गोरमाटीत समजावत होते, ती ऐकत नव्हती. "खुडूक कोंबडीला कुठलीच बोली कळत न्हाई," ते बोट चोखत म्हणाले. पण मी वाकून वाचलं: १३६६ बाय ७६८.

तो आकडा कॉम्प्युटरला देऊन बघितला, त्याने घेतला नाही. परत हिंगोली, परत तो लांबचा माणूस. त्याने लिहिलं, बऱ्याच कॉम्प्युटरना आडवं माप आठाच्या पटीत लागतं; १३६० द्या, कडेला उरलेलं तुम्हाला दिसणारही नाही. सोबत कुठल्या फाइलमध्ये कुठली ओळ लिहायची तेही होतं. तो कागद घेऊन मी तांड्यावर पोचले तेव्हा रविवार उजाडलेला होता.

लांबच्या नातेवाईक बायका जवळा बाजारहून आलेल्या जीपमधून उतरतानाच गळा काढत होत्या. अंगणात चुलाण पेटलं होतं, मोठ्या पातेल्यात लापशी शिजत होती. याडी मधोमध बाजेवर, पांढरी ओढणी घेतलेली. प्रत्येक नवी बाई तिच्या गळ्यात पडायची आणि दोघी हेल काढून रडायच्या. आणि ओसरीत, ताडपत्रीच्या आड, सर टीव्हीपुढे मांडी घालून बसले होते. बाराला लाइट जाणार होती.

"आलात? सांगा," ते म्हणाले. मी ओळ वाचत गेले, ते एका बोटाने टाइप करत गेले. मग फाइल बंद केली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

पडदा काळा. मधोमध दोनच शब्द, नो सिग्नल.

नेमके तेव्हाच नायक ताडपत्री सारून आत डोकावले. वयस्कर, अदबशीर माणूस. "डॉक्टर, बाई जिवंत हाय का न्हाई, एकदाचं सांगा. लोकांना रडावं का थांबावं कळंना झालंय."

"जिवंत हाय!"

"मग दिसत काहून न्हाई?"

होतं तेही आम्ही घालवलं होतं. सरांनी मात्र स्टेथोस्कोप काढला आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावला. नायक आणि मी श्वास रोखून उभे. बाहेर रडण्याची नवी लाट आली. सरांनी हात वर करून शांत राहायला सांगितलं, जणू बाहेरच्यांनाही दिसत होतं.

"धडधड बराबर हाय," ते म्हणाले. "फक्त तोंड बंद झालंय. डरो मत, बेटा."

मला त्या कागदाच्या शेवटची सूचना आठवली: पडदा काळा पडला तर अमुक तीन बटणं एकदम दाबा. दाबली. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्यातून ती फाइल परत उघडली आणि मी ओळ तपासली. घाईत सरांनी १३६० ऐवजी १६३० लिहिलं होतं. चष्मा कपाळावरच राहिला होता.

"चष्मा, सर!"

त्यांनी तो खाली ओढला, आकडा बघितला आणि स्वतःच्या कानाला हात लावला. आकडा दुरुस्त झाला. कॉम्प्युटर पुन्हा उठला, आणि पडद्यावरची अक्षरं ब्लेडने कापल्यासारखी उमटली. सरांनी चित्रण लावलं. कडा नीट, पण मावशीचं कपाळ अजून पडद्याबाहेरच होतं आणि चेहरा फुगलेला. तो आजार टीव्हीचा स्वतःचा होता. त्याने आपल्या मनानेच झूम लावून ठेवला होता. रिमोट माझ्या हातात होता. मी झूम काढला.

मावशी समोर येऊन बसली. अगदी तशी. सुरकुती न् सुरकुती, नाकातल्या भुरियाची चमक, ओढणीच्या काठाचे आरसे, एकेक वेगळा. नायक नकळत म्हणाले, "रामराम."

सरांनी ताडपत्री ओढून काढली आणि चौघांनी बाज उचलून ओसरीत आणली. रडणाऱ्या बाया मागोमाग आल्या. याडीने बघितलं. मग दोन सुनांच्या खांद्यांवर हात टाकून ती उठली. किती वर्षांनी उठली असेल कोण जाणे. टीव्हीजवळ गेली आणि मावशीच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. दोन सरळ, तिसरा ओठाकडे घसरलेला.

गोरमाटीत ती भराभर बोलू लागली आणि सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या कानात सांगू लागल्या. जत्रेत दोघी बहिणी गोंदवून घ्यायला बसल्या होत्या. धाकटी दुखतंय म्हणून रडायला लागली, तेव्हा हिने गोंदणारीची नक्कल करून तिला हसवलं. हसताना हनुवटी हलली आणि तिसरा ठिपका वाकडा गेला. त्यावरून आईचा मार हिने खाल्ला होता.

"हा ठिपका माझा हाय," याडी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "दुसऱ्या कुणाला करता येणार न्हाई." मग तिला सर दिसले. पन्नाशीचे डॉक्टर खांबाला टेकून ढसाढसा रडत होते. "आता तू काहून रडून राहिला? ती हाय ना!"

क्षणभर कुणालाच काय करावं कळेना. रडायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. नायकांनी घसा साफ केला. "याडी, मग लापशीचं काय?"

"खा की! जित्या माणसाची लापशी हाय. जास्त घ्या."

पंगती बसल्या. बाराला लाइट गेली आणि टीव्ही विझला, पण तोवर याडीने बहिणीला डोळे भरून पाहिलं होतं आणि आता तिला टीव्ही नकोच होता. "ती हाय म्हणता, मग मला हितं काहून बसवून ठेवलं? जीप बोलवा."

कंबर, रस्ता, वय, सगळी कारणं सांगून झाली. ऐकू येत नसल्याचा याडीला अशा वेळी फार उपयोग व्हायचा. दुसऱ्या दिवशी जीपची मागची बाकं काढून तिथे कापसाच्या गाद्या घातल्या. गाभण म्हशीला न्यावं तसं सरांनी ड्रायव्हरला खड्ड्यागणिक सांभाळायला सांगितलं. मीही गेले; दवाखान्यात कारण काय सांगितलं ते आठवत नाही, पण ते चुकवणं शक्य नव्हतं. पैनगंगेचा पूल ओलांडताना याडी उठून बसली आणि ओढणी बदलून लालभडक नवी घेतली.

मावशी दारातच शेंगा फोडत बसली होती. जीप थांबली. सरांनी आईला अलगद उतरवून तिच्यासमोर बसवलं. मावशीच्या हातातल्या शेंगा गळाल्या. ती याडीच्या तोंडाला, खांद्याला, दंडाला हात लावून बघू लागली. मी डोळे पुसायला पदर काढलाच होता, तेवढ्यात ती सरांवर कडाडली. सर ऐकत राहिले, आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणती, फोनवर तिचा आवाज कधीच येईना, तवा मला वाटलं तुझी आई गेली. सगळे लपवून राहिले. तू कॅमेरा घेऊन आला, आईला दाखवायचंय म्हणाला, तवा मी म्हटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या. मन मोडू नये म्हणून बोलले." सरांना पुढे बोलवेना. "मॅडम, हिनं याडीचे दिवस मागच्या पावसाळ्यातच घातले."

हे याडीला ओरडून सांगण्यात आलं. ती बहिणीकडे रोखून बघत राहिली. मग दोघी काय बोलल्या ते सर मला मराठीत सांगत गेले.

"जेवायला काय केलं व्हतं?"

"लापशी."

"तूप?"

मावशी यावर जे काही म्हणाली त्याने याडीने कपाळावर हात मारला, मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघी एकमेकींना धरून पुढे-मागे झुलत बोलतच सुटल्या. मी सरांकडे बघत होते, भाषांतराची वाट पाहत. ते जीपच्या पायरीवर बसले होते, चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी. दोनदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा हसूच बाहेर आलं. मावशीने तुपाबद्दल काय उत्तर दिलं ते मला अजूनही ठाऊक नाही.